कोरड्या घरातले ओले बीळ

व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील विस्नर आणि इबेन या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सुलकाटा जातीच्या कासवांची पन्नास पिल्ले पाच महिने वाढवली. सगळी अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली. काहींना कोरडी हवा, काहींना मध्यम, तर काहींना ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेची दमट हवा मिळेल अशी सोय केली. खाद्यातल्या प्रथिनांचे प्रमाणही कमी-जास्त ठेवले. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेंगळे उभी राहिली होती, दमट हवेतल्यांची पाठ पुष्कळशी गोलाई धरून होती. प्रथिनांमुळे पडलेला फरक किरकोळ होता.

प्रयोग लहानच होता, पण घरात कासवाचे पिल्लू वाढवणाऱ्यांच्या जगात त्याने मोठी उलथापालथ केली. तोवर टेंगळांचा दोष खाद्याला दिला जाई: प्रथिने जास्त झाली, वाढ भराभर झाली, म्हणून पाठ बिघडली. ओलाव्याकडे तर शत्रू म्हणूनच पाहिले जाई. कासव म्हणजे उन्हातला, रेताडातला प्राणी, त्याला दमट जागी ठेवले की न्यूमोनिया होतो, असा पक्का समज. त्यामुळे काचेची टाकी, तळाला वर्तमानपत्र किंवा वाळलेल्या चाऱ्याच्या गोळ्या, वर एक तापता दिवा आणि आठवड्यातून कधीतरी पाणी, अशा घरात पिढ्यान्‌पिढ्या पिल्ले वाढली. त्यांतली बरीच पहिल्या वर्षाच्या आतच गेली. जगलेल्यांच्या पाठीवर ते घर कायमचे उमटले.

या विकृतीला पाळणारे ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात. कासवाच्या पाठीवरचे खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे. त्यांच्या कडांना नवे केराटिन येते आणि खाली हाड वाढत असते. ब्रिटनच्या ‘टॉर्टॉइज ट्रस्ट’चे अँडी हायफील्ड यांनी बरीच वर्षे मांडलेला खुलासा असा, की सुकलेले केराटिन ताठ होते, लवचिकपणा गमावते आणि त्याखालचे कोवळे हाड वाढताना आडवे पसरण्याऐवजी वाकडे होते. जुने टेंगूळ नंतर कितीही ओलावा दिला तरी बसत नाही. पुढची वाढ तेवढी सरळ होऊ शकते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे निर्णायक ठरतात, आणि पिल्लाच्या घराचा प्रश्न मोठ्या कासवाच्या घरापेक्षा वेगळा ठरतो तो इथेच.

हा प्रश्न ब्रिटनमध्ये एवढा तापला याला इतिहास आहे. इंग्रजांचे कासवाशी नाते जुने. निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८० मध्ये आपल्या आत्याच्या मृत्यूनंतर तिचे ‘टिमथी’ हे कासव सेलबोर्नच्या बागेत आणले आणि त्याचे जमिनीत पुरून घेणे, वसंतात वर येणे बारकाईने टिपले. टिमथी मादी होती हे तिच्या मृत्यूनंतर कवचावरून कळले. ते कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपलेले आहे. विसाव्या शतकात हाच लळा प्रचंड व्यापारात बदलला. मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथल्या रानांतून पकडलेली कासवे पेट्यांत रचून ब्रिटनच्या दुकानांत येत. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तर कासवाला हिवाळी झोपेसाठी पेटीत ठेवणे हा ठरलेला प्रसंग असे. आयात झालेल्यांपैकी किती तरी कासवांना पहिल्या हिवाळ्यानंतरचा वसंत दिसलाच नाही.

१९८४ मध्ये भूमध्यसागरी कासवांचा हा व्यापार बंद झाला. रानातली कासवे मिळेनाशी झाली तेव्हा हौशी लोकांना आपल्याकडच्या कासवांची अंडी उबवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. अशा रीतीने ब्रिटिश घरांत प्रथमच मोठ्या संख्येने पिल्ले आली: हर्मन जातीचे पिल्लू जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे, दहा-पंधरा ग्रॅमचे. उन्हाळा आखूड, बागेत कावळे आणि कोल्हे, ऑक्टोबरपासून गारठा. ते घरातच वाढवणे भाग पडले, आणि घरातल्या हिवाळी हीटरच्या हवेची आर्द्रता तीस टक्क्यांपर्यंत सहज घसरते.

रानात हे पिल्लू कुठे असते? उत्तर सोपे आहे: ते दिसत नाही. हर्मनचे पिल्लू झुडपांच्या तळाशी, पालापाचोळ्यात, गवताच्या बुडख्यांत दडलेले असते. सकाळी थोडे ऊन खायचे, दवाने भिजलेली पाने कुरतडायची आणि पुन्हा आत. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातले. तिथली हवा भट्टीसारखी, पण मोठी कासवे कित्येक मीटर लांबीची बिळे खोदतात आणि बिळाच्या पोटात गारवा आणि ओल टिकून असते. भारतातल्या स्टार कासवाचे जीवन तर पावसाळ्याभोवतीच फिरते. गुजरात-राजस्थानच्या काटेरी रानात पाऊस पडला की ती बाहेर पडतात, तेव्हाच जोड्या जमतात, तेव्हाच कोवळा चारा भरपूर मिळतो. नकाशावर ‘रखरखीत’ म्हणून रंगवलेल्या प्रदेशातला प्राणी प्रत्यक्षात ओलाव्याचे कोपरे शोधत जगतो. पूर्वीच्या पाळणाऱ्यांनी नकाशा पाहिला, बीळ पाहिले नाही.

स्टार कासवाचा उल्लेख आला म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हे कासव भारतात घरी पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ करारानेही त्याला पहिल्या परिशिष्टात हलवले. तरीही लक्ष्मी येते, वास्तुदोष जातो अशा समजुतींपोटी त्याला गिऱ्हाईक मिळते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतातल्या एकाच केंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० स्टार कासवे रानातून उचलली गेली होती. त्यांत पिल्लांचा भरणा मोठा असतो, कारण ती सामानात लपवायला सोपी. सुलकाटासारख्या परदेशी जातीही आता नोंदणीशिवाय बाळगता येत नाहीत. त्याचे नियम २०२४ मध्ये जारी झाले आहेत. तेव्हा या लेखातली घराची चर्चा ज्या देशांत घरी जन्मलेली पिल्ले कायदेशीरपणे मिळतात तिथली आहे. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ती उपयोगी पडेल. पुण्या-ठाण्यात कुणी खोक्यातून स्टार कासव विकायला आणले, तर करायचे काम एकच, वनविभागाला कळवणे.

आता घराकडे. याबाबत दोन घराणी आहेत. ब्रिटनचे घराणे उघड्या मेजाचे: चार बाजूंनी कठडा असलेली लाकडी चौकट, वर काहीच नाही. काचेच्या टाकीत हवा कोंडते आणि सगळीकडे सारखाच उकाडा होतो, म्हणून हे ‘टॉर्टॉइज टेबल’ पुढे आले, आणि त्या काळी ती सुधारणाच होती. अमेरिकेतल्या सुलकाटा आणि लेपर्ड कासवे वाढवणाऱ्यांनी नेमकी उलट वाट धरली. त्यांनी पेटी वरून बंद केली, दिवे आतच बसवले, आणि आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि रात्रीचे तापमानही २६-२७ अंशांच्या वर ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या पिल्लांच्या गुळगुळीत पाठी पाहून ब्रिटनमधल्या अनेकांनी आपल्या मेजांवर झाकण घातले.

दोघांच्या भांडणात खरा मुद्दा जातीचा आहे. सुलकाटा, लेपर्ड किंवा स्टार यांच्या पिल्लांना बंद, उबदार, दमट पेटी मानवते यात आता फारशी शंका उरलेली नाही. पण दमट हवेसोबत थंडी चालत नाही. ओल आणि गारठा एकत्र आले की श्वसनाचे आजार होतात, आणि जुन्या लोकांची न्यूमोनियाची भीती इथे खरी ठरते. हर्मन किंवा रशियन कासवाला मात्र रात्री थंडावा लागतो. घरात रात्री १५-१८ अंशांपर्यंत तापमान उतरले तरी त्याचे भलेच होते. अशा पिल्लाला चोवीस तास उबेच्या कोंडीत ठेवले तर ते अवाजवी वेगाने वाढते. त्याच्यासाठी अर्धे झाकलेले मेज, खोल ओलसर माती आणि एक दमट लपण पुरते. एकच आराखडा सगळ्या जातींना लावणारी पुस्तके टाळलेली बरी.

आकाराबद्दल एवढेच, की एका पिल्लाला साधारण १२० बाय ६० सेंटिमीटरची जागा दिली तर एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारवा अशी दोन हवामाने एकाच पेटीत नांदू शकतात. छोट्या डब्यात दिवा लावला की सगळा डबाच तापतो आणि पिल्लाला पळायला जागा उरत नाही. भिंती काचेच्या असतील तर खालचा वीतभर भाग कागदाने झाका. काच म्हणजे अडथळा हे कासवाला कळत नाही आणि ते तासन्‌तास तिच्यावर चढायची धडपड करत राहते.

सगळ्यात जास्त विचार मागतो तो तळाचा थर. पिल्लाच्या आयुष्याचा बहुतेक वेळ त्यातच जातो. कीटकनाशक आणि खत नसलेली बागेची माती, तिच्यात कोकोपीट किंवा थोडी खेळाची वाळू, वर पालापाचोळा किंवा ऑर्किडसाठी वापरतात त्या सालीचे तुकडे, असा आठ-दहा सेंटिमीटर खोल थर घातला की पिल्लू त्यात पुरून घेते, आणि पुरून घेतलेल्या पिल्लाच्या कवचाभोवती आर्द्रतामापकावर दिसते त्याहून कितीतरी जास्त ओल असते. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा कोपऱ्यांतून तळाला ओतावे. खालचा थर ओला राहतो, वरचा जेमतेम कोरडा, त्यामुळे पोटाखालचे कवच कुजत नाही आणि बुरशीही धरत नाही. आठवड्यातून एकदा हाताने माती खालवर केली की काम झाले. पाइन आणि देवदाराच्या भुशातली तेले श्वसनाला त्रासदायक. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आणि दुकानात मिळणारी ‘कॅल्शियम सँड’ पोटात जाऊन आतडी अडवते. चाऱ्याच्या गोळ्या ओल्या झाल्या की लवकरच आंबू लागतात. नुसत्या वर्तमानपत्रावर पिल्लाला ना खोदता येते, ना नीट चालता येते.

या मातीत एक आडवी, अर्धी पुरलेली कुंडी ठेवून आत ओले स्फॅग्नम मॉस भरले की दमट लपण तयार होते. पिल्लू आपण होऊन तिथे झोपू लागते. ते झोपायला कुठे जाते हे पाहूनच घर जमले की नाही हे कळते, कुठल्याही उपकरणापेक्षा लवकर.

उजेडाबाबत गेल्या वीस वर्षांत खूप शिकायला मिळाले आहे. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी त्वचेवर पडल्याशिवाय कासवाला पुरेसे ड-३ जीवनसत्त्व तयार करता येत नाही, आणि त्याविना खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लाचे कवच बोटाने दाबले जाते, जबडा मऊ पडतो, पाय अंगाचा भार पेलेनासे होतात. साध्या खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाचे नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. पण ‘किती’ हवे, हे बराच काळ अंदाजावर चालले होते. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रानातले सरडे आणि साप प्रत्यक्षात किती अतिनील किरण अंगावर घेतात हे मोजले आणि त्यांचे चार गट पाडले. ब्रिटनच्या फ्रान्सिस बेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तीच पद्धत अडीचशेहून अधिक प्रजातींना लावून दाखवली. त्यात भूमध्यसागरी कासवे तिसऱ्या गटात येतात, म्हणजे उघड्यावर किंवा विरळ सावलीत ऊन खाणारी. त्यांच्या ऊन खाण्याच्या जागी यूव्ही निर्देशांक तीनच्या आसपास असावा आणि तिथून दूर जाताना तो शून्यावर यावा.

यासाठी आज सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे यूव्हीबी देणारी लांब टी-फाइव्ह ट्यूब, पेटीच्या साधारण निम्म्या लांबीची, तापत्या दिव्याच्या शेजारी, बरोबर डोक्यावर बसवलेली. बाजूने येणारा यूव्हीबी डोळ्यांना इजा करतो. मध्ये बारीक जाळी आली की त्यातला मोठा हिस्सा तिथेच अडतो. ट्यूब डोळ्यांना झगझगीत दिसत असली तरी तिच्यातला यूव्हीबी वर्षभरात उतरतो. ज्यांना परवडते त्यांनी ‘सोलरमीटर ६.५’ सारखा मापक घ्यावा किंवा चार जणांत मिळून एक घ्यावा. न मोजता बसवलेला दिवा कमी पडतोय की भाजतोय, हे पिल्लाच्या हाडांवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

उष्णतेसाठी साधा पसरट झोताचा दिवा चांगला. त्याच्याखाली कवचाच्या उंचीवर ३५ अंशांच्या जवळपास आणि थंड टोकाला २२-२४ अंश, दिवसाचे बारा तास. इथेही हायफील्ड यांचा इशारा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अरुंद झोताचा दिवा पाठीच्या वरच्याच भागाला तापवतो आणि सुकवतो, सूर्य मात्र सगळ्या अंगावर सारखा पसरतो. म्हणून एका प्रखर झोतापेक्षा मंद, रुंद पसरणारे दोन दिवे बरे. रात्री पूर्ण अंधार हवा. लाल-निळे ‘रात्रीचे’ दिवे दुकानदार आग्रहाने विकतात, पण ते घेऊ नयेत. ज्या जातींना रात्री ऊब लागते त्यांच्यासाठी थर्मोस्टॅट जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरावा. पायाखालून तापवणारे दगड आणि गाद्या तर पिल्लाला पोटावर भाजतात. जमीन खालून तापावी अशी त्याची शरीररचनाच नाही.

पाण्यासाठी कुंडीखालची मातीची उथळ ताटली उत्तम, मातीत कडेपर्यंत पुरलेली. पिल्लू तीत उतरू शकते, उलटे पडले तरी बुडत नाही. याशिवाय रोज पंधरा-वीस मिनिटे हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवणे, ही आता सर्वमान्य रीत आहे. कासव मूत्राशयात पाणी साठवते. ते सुकत गेले तर युरिक आम्लाचे खडे होतात, आणि दहा-पंधरा ग्रॅमच्या जिवाला सुकायला वेळ लागत नाही. पाण्यात बसवल्यावर बाहेर पडणारा लघवीतला पांढरा भाग मऊ मलईसारखा असला तर ठीक, रेतीसारखा खरखरीत असला तर घर कोरडे आहे.

खाद्यावर स्वतंत्र लेख होईल. इथे एवढेच, की डँडेलियन, सो-थिसल, प्लॅन्टेन, मॅलो अशी बागेतली तणे, काटे काढलेले फड्या निवडुंगाचे पान आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा, हे बाजारातल्या सॅलडपेक्षा आणि रंगीत गोळ्यांपेक्षा सरस. फळे भूमध्यसागरी जातींना नकोतच.

दोन गोष्टी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. पहिली, पिल्लांची जोडी ठेवू नये. एक दुसऱ्यावर दडपण आणते, त्याच्या वाटेत उभे राहते, त्याच्या खाण्यावर चढते. मार दिसत नाही, पण सहा महिन्यांनी एक दुप्पट मोठे आणि दुसरे खुरटलेले असते. एकटे कासव कुढत नाही. दुसरी, साल्मोनेला. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच जंतूमुळे, कारण मुले त्यांना हाताळून तोंडात घालत होती. पाच वर्षांखालचे मूल घरात असेल तर पिल्लाच्या ताटल्या स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

पिल्लू घरात किती दिवस? हर्मनचे पिल्लू पहिल्याच उन्हाळ्यापासून दिवसा जाळीच्या पेटीत बाहेर ठेवता येते, आणि जितके ठेवता येईल तितके चांगले. सुलकाटा विकत घेणाऱ्याने मात्र आज तळहातावर मावणारे हे पिल्लू पुढे ४०-५० किलोंचे, बागेची भिंत उकरणारे जनावर होते हे आधीच धरून चालावे. अमेरिकेत ॲरिझोनासारख्या राज्यांतली निवारा केंद्रे मालकांना न झेपलेल्या सुलकाटांनी भरलेली आहेत.

शेवटचा वाद हिवाळी झोपेचा. हर्मनची पिल्ले रानात पहिल्याच हिवाळ्यात झोपतात, आणि जर्मनी-स्वित्झर्लंडमधले अनेक पाळणारे त्यांना फ्रिजमध्ये पाच अंशांच्या आसपास काही आठवडे झोपवतात. ब्रिटनमध्ये पुष्कळ जण पहिली एक-दोन वर्षे त्यांना जागेच ठेवतात. धडधाकट, ठरावीक वजनवाढ झालेल्या पिल्लाला छोटी झोप देण्यात गैर नाही. उलट बारमाही जागे ठेवल्याने वाढ फार वेगाने होते, हा जर्मन बाजूचा मुद्दा वजनदार आहे. मात्र पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांचा वजन आणि लांबीचा प्रसिद्ध तक्ता इथे आधाराला घेऊ नये. तो मोठ्या कासवांच्या मोजमापांवर बेतलेला आहे. पिल्लासाठी दर आठवड्याची ग्रॅममधली नोंद आणि सरपटणारे प्राणी जाणणारा पशुवैद्य, हाच आधार. सुलकाटा, लेपर्ड आणि स्टार झोपत नाहीत. त्यांना फ्रिजमध्ये ठेवले तर ती मरतात. आणि जात कोणती याची खात्री नसेल, तर पिल्लाला त्या हिवाळ्यात दिव्याखाली जागेच ठेवावे.